गृहिणी लिहू नका

माझी बायको वारली आहे हे नव्या इमारतीत कळलं ते बँकेच्या माणसामुळे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी वर्कशॉपमधून परत आलो, तर समोरच्या काकू आपल्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या रोजच बसतात, पण रोज त्यांचं तोंड चालू असतं. पाय वाजले की कोण आलं, काय आणलं, लिफ्ट का बंद, सगळं विचारून होतं. त्या दिवशी गप्प होत्या. मी किल्ली काढली. "आत या जरा," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "नको, थांबा, मीच येते." माझ्या मागोमाग आल्या आणि अजून दोरी न सोडलेल्या खोक्यांच्या मधे उभ्या राहिल्या. एकच खुर्ची मोकळी होती, ती मी पुढे केली. बसल्या नाहीत. "बँकेचा तो मुलगा परत आला होता," त्या म्हणाल्या. "मला म्हणतो, आजी, तुम्ही ज्या बाईंना परवाच बघितलं म्हणालात, त्या मागच्या हिवाळ्यात वारल्यात. मला दरदरून घाम फुटला हो. आधी वाटलं, मी भूत बघितलं. मग आठवलं, मी काहीच बघितलेलं नाही."

मी कर्जासाठी अर्ज केला होता आणि त्याच्या चौकशीला बँकेचा माणूस येऊन गेला हे मला ठाऊक होतं. मी कामावर असताना आला होता. हा माणूस इथे राहतो का, कसा आहे, घरात कोण कोण, असं त्याने समोरच्या दारात विचारलं होतं. पण काकूंनी त्याला काय उत्तर दिलं ते मला आत्ता कळत होतं. "तुम्ही सांगितलंत तरी काय त्याला?" मी विचारलं. "चांगलंच सांगितलं!" काकू म्हणाल्या. "म्हटलं, नवराबायको दोघंच असतात, बाई फार चांगल्या, परवाच माझ्याकडे साखर मागायला आल्या होत्या. बँकेचा माणूस दारात आला की शेजाऱ्याचं चांगलंच सांगायचं असतं, एवढं कळत नाही का मला?" "पण ती इथे नव्हतीच." "ते मला काय ठाऊक! तुम्ही म्हणालात येतायत. महिना झाला, येतायत. मी समजले, रुसून माहेरी गेल्या असतील. आता ते काय बँकेला सांगायचं? घरातलं घरात." एवढं म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. मला काय करावं कळेना. बायको माझी गेली होती, आणि मी शेजारणीला पाणी देत होतो. चहाही केला. साखर त्यांनीच घरून आणली, कारण माझ्याकडची संपली होती.

येतायत, असं मी म्हणालो होतो हे खरं. खोटं बोलायचं म्हणून बोललो नव्हतो. आम्ही भाड्याची घरं बदलत आलेली माणसं. दर वेळी एकच पद्धत. जड सामान ट्रकमध्ये, ट्रकच्या पुढच्या सीटवर मी, आणि फुटण्यासारखं सगळं, आरसा, बरण्या, दिव्याच्या काचा, तिच्या व्हॅनमध्ये. ती मागून यायची. ट्रकवाल्यांवर तिचा विश्वास नव्हता आणि माझ्यावर काचेच्या बाबतीत नव्हता. मी नव्या घराच्या दारात पोचलो की तिथला कोणीतरी विचारायचा, घरचे कुठे? आणि मी म्हणायचो, मागून येतायत. मग थोड्या वेळाने व्हॅन यायची, आणि ती खिडकीतून डोकं बाहेर काढून हमालांना ओरडायची की कपाट उभं धरा, आडवं काय धरलंय, मेलंय का ते. या घरी आलो तेव्हा काकू चहाचा ट्रे घेऊन जिन्यात उभ्या होत्या. "वहिनी कुठायत?" त्यांनी विचारलं. मी गादीचं एक टोक धरलेलं होतं. तोंडातून आपोआप गेलं, "मागून येतायत." गादी आत टाकली, बाहेर येऊन खुलासा करायला हवा होता. पण चहाचा कप हातात घेतला, काकूंनी तिच्या वाटणीचा कप झाकून ठेवला, आणि मला तो झाकलेला कप बघून इतकं बरं वाटलं की मी काही बोललो नाही.

जुन्या गल्लीत ती गेल्यावर मी आलो की लोकांचे आवाज खाली यायचे. दुकानदार रांगेत पुढे घ्यायचा. वर्कशॉपमध्ये फोरमन, जो मला कधी नीट नावाने हाक मारत नाही, तो अहो-जाहो करायला लागला. बिचारा हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही, पण तो माझ्या आधी खोलीत येऊन बसलेला असायचा. मला तो शब्द चालत नाही. तिच्यासारख्या बाईबरोबर जो इतकी वर्षं राहिला तो बिचारा कसा असेल? नव्या इमारतीत मी फक्त एक माणूस होतो, ज्याची बायको यायची आहे. जिन्यात लोक मोठ्याने बोलायचे. वरच्या मजल्यावरचा एक जण तर म्हणालाही, "मजा आहे तुमची, बायको येईपर्यंत मोकळं रान." मी हसलो. ते हसू खरं होतं. अशी थट्टा माझ्याशी कितीतरी दिवसांत कुणी केली नव्हती. फक्त घरात शिरून दार लावलं की छातीत काहीतरी घसरायचं, कामावर लोखंड कातायच्या लेथवर तुकडा नीट आवळला नसला की जसा एक थरथरता आवाज येतो, तसं. मग मी एखादं खोकं उघडायला घ्यायचो आणि अर्ध्यात सोडायचो.

खाली पार्किंगमध्ये व्हॅन उभी होती. तीही टो करून आणलेली. इंजिन गेलेलं. शाळेच्या मुलांची ने-आण करायची व्हॅन, मागे समोरासमोर बाकं, काचांवर जाळी, दाराच्या आत मुलांनी चिकटवलेली चित्रं. ती व्हॅन तिची होती, आणि ती तिची कशी झाली ते मी कुणालाही उभं करून सांगायला तयार असतो. आमची मुलगी लहान असताना तिला शाळेत नेणारा ड्रायव्हर एकदा दारू पिऊन आला. हिने मुलांना खाली उतरवलं, चावी काढून घेतली आणि त्याला फुटपाथवर बसवलं. मग रात्री मला म्हणाली, "उद्यापासून मीच नेणार." मी म्हणालो, "तुला चालवता कुठे येतं?" म्हणाली, "त्याला येत होतं, काय उपयोग झाला?" तेव्हा ती एका पॅकिंगच्या कारखान्यात होती. ड्रायव्हिंग शिकवणारा तिला पहिल्या दिवशी म्हणाला, "बाई, घाबरू नका." ती म्हणाली, "तुम्हीच घट्ट धरून बसा." कारखान्यातून साठवलेल्या तिच्या पैशांतून जुनी व्हॅन घेतली. माझा त्यात एक पैसा नाही, हे मी आजही मान ताठ करून सांगतो. सुरुवातीला तीन-चार घरांनीच मुलं पाठवली. बाई चालवणार म्हटल्यावर लोक बघत होते. दोन वर्षांनी जागा नाही म्हणून ती लोकांना परत पाठवत होती. मुलं तिला ड्रायव्हरकाकू म्हणायची. तिने हॉर्न कधी वाजवला नाही. काच खाली करून ओरडायची, आणि तिच्या आवाजाला बस बाजूला व्हायच्या. वर्कशॉपमध्ये मला चिडवायचे, बायको चालवते आणि हा बाजूला बसून हवा खातो. मी म्हणायचो, "हो. तुमच्या बायकोने कधी तुम्हाला कुठे नेलंय का?"

आजार रक्ताचा होता. त्याने तिला लवकर संपवलं. ती दवाखान्यात असताना एक बदली ड्रायव्हर लावला होता, त्याने गरम झालेली गाडी तशीच दामटली आणि इंजिन जाम केलं. मी तिला सांगितलं. लपवून काय करणार, तिने रोज विचारलं असतं. तिने त्या ड्रायव्हरच्या मागच्या सगळ्या पिढ्यांना पलंगावरून अशा शिव्या दिल्या की नर्स धावत आली. तिला वाटलं दुखतंय. शिव्या संपल्यावर मात्र शांत होऊन म्हणाली, "विकून टाक आता. लोखंडाचा भाव येईल." ती नेहमीच व्यवहारी होती. आमच्या घरात भावुकपणा माझ्याकडे होता, तो मी कधी दाखवला नाही एवढंच. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. तीही फोनवर हेच म्हणते. "बाबा, आई स्वतः म्हणाली होती विकून टाका म्हणून." "म्हणाली होती." "मग?" "मग नाही विकायची." "अहो पण का? चालवणार कोण?" मला एवढंच कळतं की इमारतीच्या कमिटीने मला सांगितलं आहे, बंद गाडी महिन्याअखेर हलवा, आणि भंगारवाला येऊन व्हॅनला प्रदक्षिणा घालून गेला. त्याने बंपरवर बोटाने टकटक केलं आणि मनातल्या मनात वजन केलं. मी बघत होतो. तिची गाडी किलोवर जाणार. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. "मी देते पैसे," मुलगी म्हणाली. मी नको म्हटलं. लेकीचे पैसे घेण्यात कमीपणा आहे म्हणून नव्हे. तिच्या आईने गाडी स्वतःच्या बळावर उभी केली, तर नवऱ्याने ती स्वतःच्या बळावर पुन्हा उभी करावी, एवढाच हिशोब. साठवलेलं सगळं हे घर विकत घेण्यात गेलं होतं. राहिलं कर्ज. मी आयुष्यात कर्ज काढलेलं नव्हतं, पण पगार नियमित होता, नोकरी एकाच ठिकाणची. मला वाटलं बँक मला बघून उठून उभी राहील.

बँकेतली मुलगी आमच्या मुलीच्याच वयाची. चांगली होती. खुर्ची द्यायची, काका म्हणायची. सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "काका, एकच अडचण. तुमचा पत्ता फार नवा आहे. नव्या पत्त्यावर वर्ष तरी झालेलं लागतं. तुम्ही आधी अर्ज केला असता, मग घर बदललं असतं, तर लगेच झालं असतं." "घर बदललं म्हणून माणूस बदलतो का?" मी विचारलं. "मला नाही वाटत तसं," ती म्हणाली. "कॉम्प्युटरला वाटतं." मग म्हणाली, माणूस पाठवून चौकशी करता येते, शेजाऱ्यांनी ओळखलं तर वरचे साहेब सूट देतात. कर्जाचं कारण विचारलं. मी सांगितलं, व्हॅनचं इंजिन बांधायचंय. "व्यवसायासाठी?" "नाही." "मग कोण वापरणार?" मी टेबलावरचे कागद सरळ करायला लागलो. ती हळूच म्हणाली, "आपण घरदुरुस्ती लिहू. नवं घर आहे, सगळेच लिहितात." मी म्हणालो, "घर दुरुस्त आहे. इंजिन लिहा." तिने इंजिन लिहिलं. तिला वाटलं असेल म्हातारा हट्टी आहे. म्हातारा मी नाही. हट्टी आहे, तो हट्ट बायकोकडून शिकलो.

आणि आता या हट्टी माणसाच्या फायलीत एक जिवंत बायको शिरली होती. अर्जात मी विधुर लिहिलेलं, चौकशीत बायको घरी. दुसऱ्याच दिवशी बँकेतल्या मुलीचा फोन आला. "काका, वरच्या साहेबांनी अडवलंय. म्हणतात, हा माणूस बायकोबद्दल खोटं सांगतो तर बाकी काय खरं सांगत असेल? महिन्याच्या आत मिटलं नाही तर अर्ज रद्द." लेथ मागे चालू होता म्हणून मी बाहेर पटांगणात येऊन बोललो. खोटारडा. मला कामाच्या ठिकाणी कुणी आजवर हा शब्द लावला नव्हता. तिकडे भंगारवाला, इकडे हा शब्द. मला राग आला आणि त्या रागाने मला बरं वाटलं. तिच्यामागे मला इतका स्वच्छ राग पहिल्यांदाच आला होता.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं. काकूंनी एकाला सांगितलं असेल, म्हणजे पुरे. लोक येऊन बसून गेले. मोकळं रान म्हणणारा आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, आत यायचा धीर त्याला होईना. "मला माहीत नव्हतं हो," तो म्हणाला. मी म्हणालो, "तुम्ही चांगलं बोललात. परत बोला कधीतरी." त्याला वाटलं मी टोमणा मारला. लोक विचारत होते, काय झालं होतं, किती दिवस, जेवणाचं काय करता. कशा होत्या, असं कुणी विचारलं नाही. कसं विचारणार, मेलेल्या माणसाबद्दल आधी आजार विचारतात. मी आजार सांगत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, हे तिच्यातलं सगळ्यात लहान आहे, मोठं विचारा. एक बाई जाताना दारातून वळून म्हणाल्या, "सोशिक असतील बिचाऱ्या." रात्री अंथरुणावर पडून तो शब्द उलटसुलट करून पाहिला. सोशिक! तिने ऐकला असता तर त्या बाईंना व्हॅनच्या मागच्या बाकावर बसवून गावभर फिरवलं असतं.

सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी बँकेत निघालो, तर काकू पर्स घेऊन तयार. "मी येणार." "कशाला?" "खोटं मी बोललेय, तुम्ही नाही. मीच जाऊन सांगते साहेबाला." मी नको नको म्हणत होतो, त्या जिना उतरत होत्या. बसमध्ये त्यांनी मला दोनदा दाखवलं, त्या काय काय बोलणार. बँकेत आत शिरताच त्यांनी ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी यांची शेजारीण. मी थाप मारली. या माणसाचा काही दोष नाही." रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बँकेतल्या मुलीने घाईने आम्हाला आपल्या टेबलाशी बसवलं. "आजी, हळू. तसं लेखी देऊन टाका, झालं." काकू लेखी द्यायला लागल्या. अक्षर मोठं, एका पानात मावेना. तोवर मी म्हणालो, "चौकशीच्या माणसाने काय लिहिलंय ते मला बघता येईल का?" तिने जरा विचार केला आणि पडदा माझ्याकडे वळवला. तिथे माझ्या नावाखाली लिहिलं होतं. पत्नी : गृहिणी. स्वभाव : शांत. शेजाऱ्यांशी संबंध : चांगले.

मी ते वाचलं. परत वाचलं. "शांत कुणी सांगितलं?" "मीच," काकू लिहिता लिहिता म्हणाल्या. "चांगलं सांगायचं म्हणून." "ती शांत नव्हती." "असं का? मग कशा होत्या?" काकूंनी पेन थांबवलं. इतक्या लोकांत पहिल्यांदा कुणी विचारलं, तेही बँकेत, नंबरांच्या घोषणा चालू असताना. मी म्हणालो, "चार रस्त्यांवर उभी राहून ती ओरडली तर सिग्नल बदलायचा." काकू हसल्या. बँकेतली मुलगीही हसली आणि लगेच तिने तोंड सरळ केलं. मी तिला म्हणालो, "बेटा, शांत राहू दे एक वेळ. पण गृहिणी लिहू नका. ती गाडी चालवायची. शाळेच्या मुलांची. स्वतःची गाडी." "काका," ती फार मऊ आवाजात म्हणाली, "आता आजींनी लेखी दिलं की तुम्ही विधुर म्हणून कायम होणार. मग पत्नीची ही ओळच निघून जाते. पूर्ण रकाना बंद होतो. त्यात काय लिहिलं होतं त्याने काही फरक पडत नाही." "मला पडतो." "पण कुणी बघणारच नाही." "मी बघतोय ना. ओळ काढायच्या आधी बरोबर करा, मग काढा. चुकीची ओळ निघून गेली तर ती चुकीचीच निघून जाईल." हे मी काय बोललो ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. पण लेथवर खराब झालेला तुकडासुद्धा मी फेकण्याआधी त्याची धार घासून घेतो, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. ती सवय असेल. मुलीने साहेबांच्या केबिनकडे एकदा पाहिलं. मग बोटं चालवली. गृहिणी गेलं. तिथे अक्षरं उमटली, चालक, शालेय वाहतूक, स्वतःचे वाहन. "शांत पण काढू?" तिने विचारलं. "काढा," मी म्हणालो. "काय लिहू?" इतक्या वर्षांच्या संसाराला एक शब्द. काकू म्हणाल्या, "खमकी लिही." मुलीने खमकी लिहिलं. आम्ही तिघं त्या पडद्याकडे बघत राहिलो. मग मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तिने बटण दाबलं. ओळ गेली. खालच्या ओळी वर सरकल्या आणि मधली जागा भरून आली, जशी कधी नव्हतीच.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "एवढं लिहून पुसायला लावलंत, काय माणूस आहात!" पण त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता. बसची वाट बघताना त्या मला एकामागून एक विचारत राहिल्या. कुठल्या रस्त्याने न्यायची, मुलं किती दंगा करायची, कधी धडक झाली का. झाली होती, एका दुधाच्या गाडीशी. चूक दुधवाल्याची, आणि त्याने शेवटी हिची माफी मागून वर महिनाभर दूध फुकट दिलं. काकू पोट धरून हसल्या. मी बोलत होतो तसा माझा आवाज मला मोठा ऐकू येत होता. वर्कशॉपच्या वेळेला पोचायचं होतं, दोन बस सोडल्या.

कर्ज मिळालं. मागितलं त्याहून कमी, पत्ता नवा म्हणून. कारणाच्या जागी इंजिन असंच राहिलं. कमी पडलं ते मी मेकॅनिकशी बोलून मिटवलं. काही बुश आणि एक शाफ्ट मीच लेथवर करून दिले, फोरमन घरी गेल्यावर नव्हे, त्याला विचारून, त्याच्या समोर. त्याने ते हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिले आणि अहो-जाहो विसरून म्हणाला, "अरे गाढवा, कंपनीचं काम असं का नाही करत?" मला जुना फोरमन परत मिळाला. मेकॅनिक मात्र माझ्यावर वैतागलेला होता, वेगळ्याच कारणावरून. गाडी त्याच्या गॅरेजमध्ये नेली तेव्हा मी त्याला एकच अट घातली होती, इंजिनला काय हवं ते कर, ड्रायव्हरच्या सीटला हात लावायचा नाही. बायको उंचीने माझ्या खांद्याखाली होती. सीट पार पुढे ओढलेली असायची, स्टिअरिंगला टेकायला आलेली. मेकॅनिक उंच माणूस. रविवारी सकाळी तो गाडी चालवत इमारतीत घेऊन आला तेव्हा त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले होते, आणि तो दार उघडून घडी उलगडावी तसा बाहेर पडला. "काका, तुमच्या अटीने माझी कंबर गेली," तो म्हणाला. "बिलात लावतो."

इंजिन चालू होतं. मला तो आवाज पाठ होता. पाठ होता तसा तो नव्हता, नव्याचा थोडा घट्ट होता, पण गाडी तीच होती. गॅलऱ्यांतून लोक बघत होते. कमिटीचा माणूस आला, त्याने गाडीभोवती फेरी मारली आणि परत गेला. काकू खाली आल्या, मागचं दार सरकवून मुलांच्या बाकावर बसल्याही. "चला, एक चक्कर होऊन जाऊ दे. चालवा." "मला येत नाही," मी म्हणालो. "काय येत नाही?" "चालवायला." काकूंनी मेकॅनिककडे पाहिलं, मेकॅनिकने माझ्याकडे. "अहो मग कर्ज काढून, मला थापाडी ठरवून, त्या पोरीला लिहायला-पुसायला लावून, हे सगळं कशाला?" "उभी राहावी म्हणून," मी म्हणालो. "आपल्या पायावर." मेकॅनिक हसायला लागला, मग काकू, मग वर गॅलरीतलं कुणीतरी, आणि मग मीही. शेवटी मेकॅनिकच पुन्हा घडी घालून आत बसला. मी त्याच्या शेजारच्या सीटवर, माझ्या जागेवर बसलो आणि आम्ही तिच्या जुन्या रस्त्याने एक फेरी मारली. चौकातल्या पानाच्या टपरीवरच्या माणसाने व्हॅन ओळखली. हात वर केला, आत बघितलं आणि हात तसाच वर धरून उभा राहिला. मीही हात केला. मला वाईट वाटलं नाही. लोकांनी बघावं असंच वाटत होतं.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई तुम्हाला वेडा म्हणाली असती." "म्हणालीच असती," मी म्हणालो. "आता काय करणार आहात?" "शिकणार." "या वयात?" "तुझी आई माझ्यापेक्षा लहान असताना शिकली, तर मी मोठेपणी का नाही?" तिला हे पटलं नाही, पण ती हसली. कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, स्वतःची गाडी आहे तर तीच घेऊन या, सोमवारपासून सुरू करू. तो सोमवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. हप्ता पगारातून वेळेवर जातो. रोज कामावरून आलो की मी खाली व्हॅनपाशी थांबतो. काल ड्रायव्हरच्या बाजूने दार उघडून आत शिरायचा प्रयत्न केला. पोट स्टिअरिंगला अडतं, गुडघा आत जात नाही, पाय ब्रेकपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नाही. सीटच्या खाली लोखंडी दांडी आहे, ती वर ओढून पाठीने मागे रेटलं की सीट सरकते. हात दांडीपर्यंत जातो. शिकायचं तर सीट मागे घ्यावी लागेल. ती मी अजून घेतलेली नाही.